पानं नाहीत? मग साल बघा!

झाड ओळखायचं म्हटलं की सगळ्यांच्या माना आधी वर जातात. पान कसं आहे, फूल कुठल्या रंगाचं, फळ लागलंय का? बरोबरच आहे ते. पण माघ महिन्यात एखाद्या मोठ्या वावळाखाली उभे राहा आणि वर बघा. एक पान शिल्लक नाही. नुसत्या फांद्या आणि त्यांच्यामागे आभाळ. आता काय करायचं?

आता मान सरळ करा. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर काय दिसतंय? साल! ती थंडीत गळत नाही, पावसाळ्याची वाट बघत नाही, आणि हात पुढे केला की लगेच हाताला लागते. पानं तीस-चाळीस फुटांवर असतात, फुलं बघायला दुर्बीण लागते, पण साल बारा महिने तुमच्या नाकासमोर. तरीही तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज आपण एकच झाड धरू या आणि ते सालीवरून ओळखायला शिकू या. झाडाचं नाव वावळ.

कुणी त्याला वावळा म्हणतं. हिंदीत चिलबिल, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत चिरबिल्व. आणि इंग्रजीत? ‘इंडियन एल्म’. परदेशी गोष्टींत, सिनेमांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी असलेली एल्मची मोठी झाडं तुम्ही पाहिली असतील. वावळ त्यांच्याच कुळातला, पण अस्सल आपल्या मातीतला. भारत, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार हे त्याचं घर. कुणी जहाजातून आणून लावलेला नव्हे. महाराष्ट्रात देशावर, विदर्भात, सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर तो आपला आपण उगवतो. पुण्याच्या टेकड्यांवर आणि जुन्या रस्त्यांच्या कडेलाही त्याची छान मोठी झाडं आहेत.

ओळखण्याआधी एक सांगा, साल म्हणजे नेमकं काय?

खोडाचं बाहेरचं आवरण, असं तुम्ही म्हणाल. पण त्या आवरणात दोन निराळी खाती आहेत. आतला भाग ओला आणि जिवंत असतो. तिथे रसवाहिन्या असतात. पानांनी तयार केलेलं अन्न त्यांच्यातून मुळांपर्यंत जातं. बाहेरचा भाग मात्र मेलेला, कोरडा. सालीच्या आत जिवंत पेशींचा एक अगदी पातळ थर असतो आणि तो सतत बाहेरच्या बाजूला नव्या पेशी तयार करत असतो. या पेशी लवकरच मरतात, पण मरण्याआधी त्यांच्या भिंतींवर सुबेरिन नावाच्या मेणचट पदार्थाचा लेप बसतो. त्यामुळे आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचे जंतू सहजासहजी आत शिरत नाहीत. या मेलेल्या पेशींच्या थराला आपण बूच म्हणतो. हो, बाटलीचं बूच! ते भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका ओक झाडाच्या सालीचं असतं. साधारण दर नऊ वर्षांनी तिथले कुशल कामगार ती साल सोलून काढतात. आतला जिवंत भाग तसाच ठेवतात, म्हणून झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. तुमच्या लेदर बॉलच्या पोटात आणि बॅडमिंटनच्या चांगल्या शटलच्या बुडाशी हेच बूच असतं. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं याच बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्यात त्याला बारीक बारीक रिकामे कप्पे दिसले आणि त्यांना त्यानं ‘सेल’ असं नाव दिलं. विज्ञानाच्या पुस्तकातली ‘पेशी’ पहिल्यांदा दिसली ती सालीत!

मग प्रत्येक झाडाची साल वेगळी का दिसते? खोड आतून जाड होत असतं. मेलेलं बूच मात्र ताणून मोठं होऊ शकत नाही. गेल्या वर्षीचा शाळेचा शर्ट यंदा काखेत उसवतो ना, तसंच. शर्ट वाढत नाही, तुम्ही वाढता. आता शर्ट कुठे फाटायचा हे कापडावर अवलंबून असतं, तसं साल कुठे आणि कशी फुटणार हे त्या त्या झाडाच्या सालीच्या रचनेवर ठरतं. कुणाची साल उभी चिरते, कुणाची चौकोन चौकोन होऊन तडकते, कुणाची कागदासारखी सुटते, कुणाची खपल्या होऊन गळते. एका जातीच्या झाडात ही फुटण्याची पद्धत ठरलेली असते. म्हणून तर सालीवरून झाड ओळखता येतं.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. लाकडात सगळ्यांत नवा थर बाहेरच्या बाजूला असतो. सालीत उलटं. सगळ्यांत बाहेरची खपली सगळ्यांत म्हातारी. तुम्ही खोडावर हात ठेवता तेव्हा तुमच्या बोटाला लागते ती सालीची सर्वांत जुनी गोष्ट.

चला, आता वावळाकडे.

आधी दहा पावलं लांब उभे राहा. मोठं, उंच, पसरलेलं झाड. खोड राखाडी. काळपट नाही, तांबूस नाही, फिकट राख लावल्यासारखा रंग. बाभूळ कशी काळीकुट्ट दिसते आणि तिच्या खोडावर खोल उभ्या भेगा असतात, तसं इथे नाही. लांबून वावळाचं खोड बऱ्यापैकी सपाट दिसतं.

आता जवळ या. अगदी वीतभर अंतरावर. सपाट वाटलेल्या सालीवर बारीक बारीक पुटकुळ्या दिसू लागतील. कुठे एकेकट्या, कुठे दाटीवाटीनं. तळहात फिरवला की खरखर लागते. मध्यम वयाच्या वावळावर या पुटकुळ्या फार छान दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना बघा, कारण तेव्हा प्रत्येक पुटकुळीची छोटी सावली पडते आणि सगळं खोड उठावाचं दिसतं. दुपारी बाराला बघाल तर निम्मी गंमत हुकेल.

झाड म्हातारं असेल तर आणखी एक खूण मिळते. साल बुचासारख्या खपल्या होऊन सुटायला लागते. खपल्या आकारानं वेड्यावाकड्या असतात. त्यांच्या कडा उचललेल्या दिसतात, आणि जिथली खपली नुकतीच गळली आहे तिथे आतला ताजा, वेगळ्या रंगाचा डाग उघडा पडतो. त्यामुळे म्हाताऱ्या वावळाच्या खोडावर जुन्या-नव्या रंगांची ठिगळं दिसतात. बुंध्याशी जमिनीवर बघा, गळलेल्या खपल्या सापडतील. त्या घ्या खुशाल. झाडावरच्या मात्र ओढून काढू नका. खपलीबरोबर आतला जिवंत भाग सोलला गेला, तर तिथून बुरशी आणि किडे आत शिरतात. आणि खोडाभोवती गोल पट्टा सोलला तर रसवाहिन्याच तुटतात, मुळांना अन्न मिळत नाही आणि एवढं मोठं झाड उभ्या उभ्या मरतं.

डोळे झाले, हात झाला, आता नाक. वावळाची ही पक्की खूण आहे: वास! ताजी साल खरवडली किंवा पान चुरगळलं की एक घाणेरडा वास येतो. एकदा घेतलात की विसरणार नाही, याची खात्री. पण खोड खरवडायचं नाही, हे आत्ताच सांगितलं. खाली पडलेली ओली डहाळी शोधा आणि तिची साल नखानं जराशी खरवडा. किंवा पानं असतील त्या दिवसांत एकच पान चुरगळून हुंगा. नंतर हात धुवा!

आता तुम्ही विचाराल, राखाडी साल तर खूप झाडांची असते. अगदी खरं. म्हणून शेजाऱ्यांची ओळख हवी. ऐनाची साल बघा. ती उभी-आडवी तडकते आणि तिचे जाड चौकोन होतात, मगरीच्या पाठीवर असतात तसे. जंगलात ऐन एकदा दाखवला की लहान मूलसुद्धा पुन्हा चुकत नाही. अर्जुन, म्हणजे आपला सादडा, नदीकाठी उभा असतो. त्याची साल गुळगुळीत, फिकट, आणि पातळ मोठे पापुद्रे सुटणारी. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर जाड बुडाचे टोकदार काटे. पांगाऱ्यावरही काटे असतात. कांडोळ तर पांढराफटक आणि तुळतुळीत, रात्री चांदण्यात लांबून चमकणारा. आपल्याकडच्या बुचाच्या झाडाची (मघाच्या ओकची नव्हे) साल मऊ, जाड आणि उभ्या भेगांची. यांपैकी कुणाच्याच खोडावर वावळाच्या पुटकुळ्या नाहीत.

खरा घोटाळा होतो तो बिबळ्याशी, आणि तोही सालीमुळे नाही, फळामुळे. दोघांचंही फळ चपटं, गोल, मधे बी आणि भोवती पंख. खाली पडलेलं फळ उचलून ‘सापडला वावळ!’ म्हणून नाचायच्या आधी ते नीट बघा. बिबळ्याचं फळ मोठं आणि मधे जाड, टणक असतं. वावळाचं साधारण अडीच सेंटिमीटर रुंद, पातळ, उजेडासमोर धरलं तर पंखातलं शिरांचं जाळं दिसतं. टोकाला एक छोटी खाच असते. मग खोडाकडे वळा. बिबळ्याच्या सालीला जखम झाली की तिच्यातून रक्तासारखा लाल डिंक वाहतो आणि सुकून काळपट होतो. जुन्या जखमांवर हे ओघळ सहज दिसतात. वावळाच्या खोडावर असं लाल काही नसतं.

आता जरा त्याच जागी थांबा. साल बघताना घाई करायची नाही, कारण साल रिकामी नसते. डोळे बारीक करून बघा, तुमच्यापासून हातभर अंतरावर एक कोळी सालीला चिकटून बसलेला असू शकतो. डोकं खाली, पाय पसरलेले, रंग अगदी सालीचा. पाठीमागे दोन लांब शेपट्या. त्या शेपट्या म्हणजे त्याचे धागा सोडणारे अवयव. हा दोन शेपट्यांचा कोळी जाळं विणून त्यात बसत नाही. एखादी मुंगी किंवा माशी जवळ आली की तो तिच्याकडे पाठ करतो आणि तिच्याभोवती गरागरा फिरत धागे सोडतो. बघता बघता शिकार खोडालाच बांधली जाते! तो हलला नाही तर तुम्हाला दिसणारच नाही. खोडावर हळूच फुंकर घाला, कधी कधी तो सर्रकन बाजूला सरकतो आणि मग कळतं, अरे, इथे कुणीतरी होतं.

खोडावर टकटक ऐकू आली तर मान हळू वळवा. मराठा सुतार असेल. पिवळसर कपाळाचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा छोटा सुतारपक्षी. त्याच्या शास्त्रीय नावातसुद्धा ‘महरट्टेन्सिस’ आहे, म्हणजे मराठ्यांच्या मुलुखातला. सालीच्या भेगांत आणि सुटलेल्या खपल्यांखाली किडे, अळ्या लपून बसतात. त्या तो हुडकून काढतो. एखादा पक्षी डोकं खाली करून खोडावरून उतरताना दिसला तर ती शिलींध्री. सुतार सहसा वर चढत जातो, ही सरळ उलटी चालते. एकाच सालीवर दोघं, पण सुताराला खालून न दिसलेला किडा तिला वरून दिसू शकतो.

वावळाच्या परदेशी भावंडांची साल तर याहून चमत्कारिक आहे. उत्तर अमेरिकेत दोन एल्म शेजारी शेजारी वाढतात, अमेरिकन एल्म आणि स्लिपरी एल्म. पानं इतकी सारखी की भलेभले गोंधळतात. मग तिथले जाणकार बाहेरच्या मेलेल्या सालीचा छोटा तुकडा आडवा मोडतात आणि त्याची कड बघतात. एकावर एक तपकिरी आणि फिकट पांढरट थर दिसले तर अमेरिकन एल्म. सगळेच थर तांबूस तपकिरी असतील तर स्लिपरी एल्म. झालं काम! स्लिपरी एल्मची आतली साल चावली की बुळबुळीत होते. तिथल्या मूळ रहिवाशांना ही साल पूर्वीपासून माहीत होती आणि आजही घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्यांत ती घालतात. आपल्या हिमालयातही एल्म आहेत. त्यांच्या सालीच्या चिवट धाग्यांचे दोर वळतात.

पण या भावंडांवर एक मोठं संकट आलं, आणि तेही सालीखालूनच. एल्मच्या सालीत राहणारा एक भुंगेरा असतो, काही मिलिमीटर लांबीचा. मादी सालीखाली एक उभं भुयार खणते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंडी घालते. अळ्या बाहेर आल्या की प्रत्येक अळी स्वतःचं आडवं भुयार खणत निघते. मेलेल्या एल्मची साल सोलली की आत या भुयारांची सुंदर नक्षी कोरलेली दिसते. सुंदर खरी, पण त्या भुंगेऱ्यांच्या अंगाला चिकटून एक बुरशीही प्रवास करते. बुरशी झाडाच्या जलवाहिन्यांत शिरली की झाड तिला अडवण्यासाठी आपल्याच वाहिन्या बंद करू लागतं, आणि मग पाणी न मिळून वाळून जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग युरोपात पसरला. त्याचं कारण शोधून काढलं ते नेदरलँड्समधल्या तरुण संशोधक स्त्रियांनी. बेआ श्वार्त्स यांनी १९२२ च्या सुमारास बुरशीकडे बोट दाखवलं, अनेकांनी ते मानलं नाही, तेव्हा क्रिस्तिन बाउसमन यांनी पुढे प्रयोग करून ते सिद्ध केलं. १९३० मध्ये रोग अमेरिकेत पोचला. ब्रिटनमध्ये पुढच्या मोठ्या साथीत अडीच कोटींहून जास्त एल्म मेले. शहरंच्या शहरं उघडी पडली. काही मिलिमीटरचा किडा आणि डोळ्यांना न दिसणारी बुरशी! सालीतल्या एवढ्याशा भोकाकडे जाणकार इतकं बारकाईनं का बघतात, ते आता कळलं ना?

पुन्हा आपल्या वावळाकडे येऊ. या रविवारी त्याच्याकडे जाताना पातळ पांढरा कागद आणि मेणाचा खडू घेऊन जा. एकानं कागद खोडावर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं खडू आडवा धरून हलक्या हातानं घासायचा. सालीचा ठसा कागदावर उठेल, पुटकुळीन्‌पुटकुळी. शेजारच्या कडुनिंबाचा, आंब्याचाही घ्या आणि तिन्ही कागद घरी शेजारी ठेवा. खोडाचा घेरही मोजा. वनखात्याचे लोक तो जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात, तुम्हीही तिथेच मोजा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. त्या उंचीवर खूण केली, तर ती पुढच्या वर्षी वर सरकेल का? नाही! झाड उंच वाढतं ते फांद्यांच्या शेंड्यांशी. खोडावरची खूण आहे तिथेच राहते, फक्त खोड जाड होतं. म्हणूनच कुणी सालीवर कोरलेली नावं वर्षानुवर्षं त्याच उंचीवर, पण फुगत, पसरत जातात. ती झाडाच्या अंगावरची जखमच असते.

वेळ जमली तर फेब्रुवारीत बघा. निष्पर्ण फांद्यांवर वावळाची बारीक, हिरवट-तपकिरी फुलं येतात. पाकळ्या नाहीत, वाऱ्यावर पराग सोडायचे एवढंच त्यांचं काम. हे पराग काही लोकांना चांगलेच त्रास देतात, शिंका आणि दमा उठतो, तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांनी त्या दिवसांत झाडाखाली रेंगाळू नये. मार्चमध्ये झाड लांबून एकदम पोपटी दिसू लागतं. पालवी फुटली म्हणून धावत जाल तर ती पालवी नसते! फळांचे झुबके असतात, फांदीन्‌फांदी भरलेले. पुढे ती वाळून भुरभुरत उडतात. पंख सोलून आतली बी गावाकडची मुलं आवडीनं खातात. तुम्हाला खायची असेल तर झाड नक्की वावळच आहे हे जाणत्या माणसाकडून आधी पडताळून घ्या.

पानांवरूनही वावळ आणि एल्म वेगळे ओळखता येतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वावळाची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्यांनी त्याला सरळ खऱ्या एल्मच्या गटातच बसवलं होतं. १८४८ मध्ये प्लांशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला वेगळा गट दिला. फरक तुम्हीही बघू शकता. एल्मच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी, तर मोठ्या वावळाच्या पानाची कड साधी, सलग.

सालीची खूण एका ठिकाणी मात्र उपयोगी पडत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे वावळाचं रोप. पावसाळ्यात मोठ्या झाडाच्या आसपास वाऱ्यानं उडून पडलेल्या बिया रुजतात. त्या रोपाचं खोड पेन्सिलीहून बारीक, साल गुळगुळीत, पुटकुळ्यांचा पत्ता नाही. तिथे खाली बसून पानाची कड बघा. तिला दाते असतात! मोठेपणी जाणारे, पण लहानपणी परदेशी भावंडांसारखेच. खात्री करायची असेल तर एक पान चुरगळून हुंगा. वास तोच येईल.